किल्लीला तेल

आमच्या घरामागच्या रानात ऊसतोड कामगारांनी कोप्या घातल्या आहेत. पाचटाच्या, वाकूनच आत शिरावं लागतं अशा. दाराच्या जागी जुनी साडी.

काल संध्याकाळी त्यांच्यातली मंदा उसाच्या मोळ्या ट्रॉलीत चढवून परतली आणि लेकीच्या डोक्याला तेल लावत बसली. हाताला उरलेलं तेल तिनं गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातल्या किल्लीला पुसलं. तिच्या गावाकडच्या घराची किल्ली.

"किल्लीला कशाला गं तेल?" मी कुंपणाजवळून विचारलं.

"कुलूप गंजलं आसंल की ताई तिकडं. त्याला इथून कसं लावू?"

आपण राहतो ते घर, इतकं सोपं मी धरून चालले होते. ही बाई अर्धं वर्ष दार नसलेल्या कोपीत काढते, आणि तिचं दार असलेलं घर तेवढे महिने अंधारात बंद असतं. तिथं पोचणारं तिच्याजवळ एवढंच, बोटभर लोखंड.

अंधारून आलं. पेंगुळलेल्या लेकीला मंदानं आत निजवलं, साडीचा पडदा ओढला आणि वाऱ्यानं तो उडू नये म्हणून त्याच्या टोकावर कोयता ठेवला.