न फुटलेल्या बांगड्या

आमच्या कॅज्युअल्टीत नवीन सिस्टर आली की जुन्या तिला हमखास भुताच्या गोष्टी सांगतात. कोपऱ्यातल्या बेडवर कोण बसतं, लिफ्ट आपोआप कुठं थांबते... मी सरळ म्हणायचे, एवढा वेळ असेल तर ट्रॉल्या पुसून घ्या. इतकी वर्षं माणसं जाताना बघितली, एकही परत येऊन 'थँक्यू सिस्टर' म्हणाला नाही. तेव्हा हे वाचून कुणाला मला अंधश्रद्धाळू ठरवायचं असेल तर खुशाल ठरवा. जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालंय, आणि त्याची मला भीती वाटत नाही — राग येतो.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन साताऱ्यात आले आणि इथल्याच एका हॉस्पिटलच्या अपघात विभागात नोकरीला आहे. त्या दुपारी कोरेगावच्या बाजूच्या एका गावातून जीपमधून एक पोरगी आणली. वैशाली म्हणू या, नाव खरं नाही. आल्याच्या रानात तण भांगलताना डाव्या हाताला घोणस चावलेली. सोबत सासू, दीर आणि अर्धी भावकी.

हात कोपरापर्यंत सुजला होता आणि मनगटातल्या हिरव्या काचेच्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. अशा वेळी अंगठी, बांगडी, दोरा, काय असेल ते आधी काढावं लागतं, नाहीतर पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो. बांगडीवर गॉज धरायचं आणि चिमट्यानं फोडायची, एवढंच काम. डॉक्टरांनी उजव्या हाताला सलाईन लावून विषावरचं इंजेक्शन सुरू केलं आणि मी चिमटा घेतला.

सासूनं बांगड्यांवर आपला पंजा ठेवला.

"आवं सिस्टर, ल्योक बॉर्डरवर हाय माझा. त्यो हाय तवर हिची बांगडी फुटू देणार न्हाई मी."

मी समजावलं. डॉक्टरांनी समजावलं, मग ओरडले. हात जाईल, असं स्पष्ट सांगितलं. साबण लावून काढा म्हणाली. लावला साबण... एक बांगडी जागची हलेल तर शपथ! पंजा लगेच परत वर. वैशालीलाच विचारलं, तर तिनं सासूकडं बघितलं आणि मान खाली घातली. मग दीर म्हणाला, दादाला फोन लावतो, तो व्हय म्हणला तर फोडा. दादाचा फोन लागेना. लागणार कसा, तिकडं रेंज नको? आणि सासूचा पंजा बाजूला करायची सोय नव्हती, कारण भावकी ट्रॉलीला वेढा घालून उभी. जबरदस्ती केली असती तर आमचीच हाडं मोडली असती. आमच्या एका डॉक्टरनं असा मार खाल्लेला आहे.

सासू दुष्ट बाई असती तर मला सोपं गेलं असतं. ती दुसऱ्या हातानं सुनेचा घाम पुसत होती, घोट घोट पाणी पाजत होती. पण पंजा काही उचलेना.

शेवटी फोन लागला. दिरानं स्पीकरवर टाकला.

"आई, मला काय हुत न्हाई. फोड त्या आधी."

मी चिमटा घेऊन वाकले. सासूनं पंजा उचलला... खाली बांगड्याच नव्हत्या.

मनगटावर त्यांचे खोल वळ होते, एकाला लागून एक. आणि बांगड्या माझ्या बाजूच्या स्टीलच्या ट्रेमध्ये. सगळ्या अख्ख्या, एकीलाही तडा नाही. तो ट्रे मीच मांडला होता, त्यात गॉजशिवाय काही नव्हतं. मी एक उचलून स्वतःच्या हातात घालून बघितली, तर माझ्या धडधाकट हाताच्या अंगठ्यापाशीच अडकली. डॉक्टर म्हणाले, गडबडीत तुम्हीच काढल्या असतील. मी म्हटलं, सर, कशा काढीन? त्यांचा पंजा होता वर, तुम्हीही बघत होता.

सासू मटकन खाली बसली आणि देवी आली, देवी आली म्हणून रडायला लागली. भावकीनं त्या ट्रेला हात जोडले. ट्रॉलीवर पोरीची बोटं काळीनिळी पडली होती, तिकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

जीव वाचला. हात मनगटाच्या वरून कापावा लागला.

पुढं ड्रेसिंगला यायच्या दोघी. सासू माझ्यासाठी प्रसाद आणायची. बांगड्या देव्हाऱ्यात ठेवल्यात, शेजारच्या गावांतल्या बायका ओटी भरायला येतात, सिस्टर तुमी पण दर्शनाला या, असं कौतुकानं सांगायची. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, मावशी, बांगड्या राहिल्या आणि हात गेला, ओटी कसली भरताय? तर म्हणाली, लेकाला राखलं की देवीनं. लेक सुट्टीवर आला तो देव्हाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकत नाही, हे मात्र तिनं नाही, वैशालीनं सांगितलं.

सूज उतरली असेल, साबणानं सुटल्या असतील, असं लोक मला सांगतात. घोणशीची सूज अशी उतरत असती तर आम्हाला कामच उरलं नसतं.

शेवटच्या ड्रेसिंगला सासू औषधं आणायला खाली गेली होती. वैशालीच्या उजव्या हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या. तिला एका हातानं कशा भरता येणार? सासूनंच भरलेल्या. त्यांच्याकडं बघत ती म्हणाली,

"सिस्टर, देवीच्या अंगात एवढी ताकद हुती, तर तिनं बी ह्यांचा फोन लागायची वाट का बघितली?"

मी पट्टी गुंडाळत राहिले. बांगड्या कुणी काढल्या ते मला आजही सांगता येत नाही.