जिजाअक्का झुरळवाली

जिजाअक्का कुणाच्याही घरात शिरली की आधी बसत नसे, पाणीसुद्धा घेत नसे. सरळ रांजणाशी जायची, त्याच्या बुडाखाली तळहात सारायची आणि तो हात नाकाशी धरायची. मग घरधन्याकडे बघून म्हणायची, "घर बोलत नही भाऊ, ओल बोलस."

धुळ्यात ती भिंतींच्या भेगा बुजवायचं काम करी. नवरा पारोळ्याचा गवंडी. तो गेल्यावर त्याची थापी तिने उचलली. पण लोक तिला बोलावत ते झुरळांसाठी. वैशाखात आमच्याकडे विहिरी तळ गाठतात, भिंतीला हात लावला तर चटका बसतो. अशा दिवसांत घरात ओल उरते ती मोरीत आणि रांजणाखाली. झुरळं तिथेच जमतात. अक्का म्हणे, "उपाशी ते महिनाभर जगस, पानी बिगर आठ दिन नही." म्हणून ती आधी त्यांचं पाणी तोडी. रांजण तिवईवर चढवायला लावी, मोरीचं भोक दगडाने झाकायला लावी, भेगा चुन्याने लिंपी, आणि मग चुलीमागच्या फटींत गुळात कालवलेला टाकणखार भरी.

झुरळांच्या जाती ती पाहुण्यांसारख्या ओळखी. अंगठ्याएवढं लाल झुरळ दिसलं तर ती हसायची. "हाऊ पाव्हना शे. मोरीमाईन चुकीसन उना, चालना जाई." पण बोटाच्या पेराहून लहान, भुरकट, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलं दिसलं की तिचा चेहरा उतरे. "हाऊ घरजवाई शे. तो आपला पायवर जावाव नही."

माझ्या घरात घरजावई होते.

मी बारदानाचा व्यापारी. रिकामी पोती खांद्यावर वाहून मी या धंद्यात वर आलो. जिनिंगमधून, रेल्वेच्या गोदामातून पडत्या भावात पोती उचलायची, झटकून, शिवून पुन्हा विकायची. घासाघीस करण्यात मला कुणी हरवलं नाही. घरही तसंच घेतलं, हिरामण हलवायाच्या भिंतीला लागून. लढाई सुरू होती, बारदानाला मागणी होती, गोदामात जागा पुरेना. मग मी माजघरात पोत्यांच्या थप्प्या लावल्या. त्याच्याच पलीकडच्या खोलीत माझी बायको, सुभद्रा, बाळंतीण होती. आधीची दोन मुलं हाती लागली नव्हती. ही तिसरी, मुलगी.

मुंग्या चढू नयेत म्हणून बाळंतिणीच्या बाजेचे चारही पाय आम्ही पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते. सगळेच ठेवतात. मुलगी वीस दिवसांची झाली तेव्हा एका सकाळी तिच्या ओठांच्या कडेला लाल चट्टे दिसले. दुधाचा वास लागून झुरळांनी कुरतडलं होतं. सुभद्राने मला ते दाखवलं.

झुरळं हिरामणच्या पाकाच्या कढयांवर पोसतात आणि भिंतीतून माझ्याकडे येतात, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. मी गल्लीतल्या दोन वडीलधाऱ्यांना बोलावलं, हिरामणला बोलावलं आणि साक्षीला म्हणून जिजाअक्काला. तिने सगळ्यांसमोर सांगावं की दोष हलवायाचा, आणि त्याने त्याच्या खर्चाने भिंत बांधून द्यावी, एवढंच मला हवं होतं.

अक्काने भिंत वरपासून खालपर्यंत चाचपली. मग माझ्या थप्पीतलं एक पोतं ओढून अंगणात आणलं आणि त्याची दुमडलेली शिवण उलटी केली. आत गव्हाच्या दाण्याएवढ्या, झुरळांच्या अंड्यांच्या तपकिरी पेट्या साचल्या होत्या. एकेका पेटीत तीस-तीस पिल्लं असतात, असं तिने त्या दोन म्हाताऱ्यांना समजावून सांगितलं. मग माझ्याकडे वळली.

"हाई हिरामणना घरमाईन उनं नही, भाऊ. हाई तुना बारदानमा उनं. आन बाजखाल तू त्यासले पानी मांडी ठेयेल शे."

हिरामण गालात हसला. म्हणाला, "भाऊ, सौदा पक्का कया तुम्ही. बारदानवर जवाई फुकट मियना." म्हातारेही हसले. माझं डोकं फिरलं. मी अक्काची चुन्याची बादली उचलून रस्त्यावर भिरकावली आणि तिला चालती हो म्हणालो. तिने पदराने हात पुसले. बारदान आठ दिवस उन्हात टाक, वाट्या आजच काढ, एवढं हळू आवाजात सांगितलं आणि ती गेली.

मी काहीच केलं नाही. पोती बाहेर काढताना हिरामण ओट्यावरून बघणार, हे मला सोसवेना. वाट्या तेवढ्या भरत राहिलो, जरा जास्तच.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या पापणीला चट्टा उठला. सुभद्रा म्हणाली, मी एरंडोलला माहेरी जाते. मी अडवलं नाही. मात्र गाडीवानाशी घासाघीस केली. चांगला गाडीवान पहाटे निघणार होता, तो मी सांगितलेल्या दराला कबूल होईना. दुसरा कबूल झाला, पण तो आला दुपारी. पारोळ्याच्या अलीकडे मुलीला ऊन लागलं. एरंडोलला गाडी पोचली तेव्हा सुभद्राच्या मांडीवरच्या मुलीत जीव उरला नव्हता.

बातमी ऐकून अक्का न बोलावता आली. एकटीने सगळी पोती अंगणात ओढली, उन्हात पसरली, रोज उलटवली. वाट्या पालथ्या घातल्या. बाजेचे पाय भिंतीपासून वीतभर सरकवले, लोंबणारी गोधडी वर खोचली, भेगा लिंपल्या. आठ दिवस ती येत राहिली. नवव्या दिवशी घरात झुरळ दिसेना. राहायला घरात मीच एकटा होतो.

पुढे एका वकिलाच्या घरी गेलो असता वकिलीणबाईंनी अक्काची गोष्ट सांगितली. त्यांनीही तिला हाकललं होतं. ती गेली नाही. पायरीवर दोन दिवस ठाण मांडून बसली आणि मोरी बुजवूनच उठली. ते ऐकून माझ्या अंगाची आग झाली. अक्का तेव्हा पारोळ्याला सासरी होती, तसाच तिथे गेलो. ती आजारी होती, दिराच्या ओसरीत पडून होती. मी उभ्या उभ्या विचारलं, वकिलाच्या दारातून हलली नाहीस, मग माझ्याच दारातून का गेलीस?

ती माझ्याकडे कुशीवर वळली. मग म्हणाली, "तठे कोन्ही हसत नव्हतं, भाऊ. तुले लोके हसनात. मी थांबती ते तू ते बारदान जलमभर हालाडता नही. माले वाटनं, लोके उठी जातीन, मंग तू गुपचूप करशी."

त्याच पावसाळ्यात ती गेली. सुभद्रा दीड वर्षाने परत आली. आम्हाला पुढे मूल झालं नाही. अक्कावरचा राग मी अजून सोडलेला नाही. तो सोडला तर कुणावर धरावा लागेल, ते मला ठाऊक आहे.