मोजणीत बोलायचं नाही

आमच्या घरात एक नियम होता. अण्णा मोटार भरत असले की कुणी तोंड उघडायचं नाही. श्रीगोंद्याला घराला लागूनच माझ्या वडिलांचं दुकान. उसाला पाणी देणाऱ्या मोटारी जळाल्या की तिथं यायच्या. अण्णा आतली जुनी तार उपसून काढायचे आणि लाकडी फर्म्यावर तांब्याची नवी तार गुंडाळायचे, एका हातानं हँडल फिरवत, तोंडानं एकेक वेढा मोजत. वेढे कमी-जास्त झाले की मोटार पुन्हा जळणार. म्हणून आई चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवायची. वेढे मोजायचं यंत्र मी आणून दिलं होतं, ते अजून खोक्यातच आहे. "माजं डोकं हाय की," म्हणाले होते.

दोन वर्षांपूर्वी दुकानाची पायरी चढताना ते कोसळले. हृदयाच्या झडपेवर चुना साचला होता, झडप नीट उघडत नव्हती. या वयात छाती उघडणं अवघड, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप बसवायचं ठरवलं. सगळं समजावून सांगायला त्यांनी आत बोलावलं, तेव्हा मी अण्णांना बाहेर बाकावर बसवलं. आमच्याकडं पेशंटसमोर वाईट बोलत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "नवी झडप उघडताना चुन्याचा एखादा कण सुटून मेंदूकडं जाऊ शकतो. लकवा होऊ शकतो. कधी बाहेरून काहीच दिसत नाही, पण आत इजा झालेली असते. तरी न करणं जास्त धोक्याचं आहे."

मी सही केली.

"काय म्हनला डाक्टर?" अण्णांनी विचारलं.

"छाती फाडायची न्हाई म्हनले. तीन-चार दिसांत घरी."

ते केवढे खूश झाले! मी पडले शहाणी लेक, बापाला घाबरवायचं नाही म्हणून अर्धं गिळून बसले.

ते घरी आले त्या दिवशी अख्खी गल्ली जमली. मामांनी त्यांना दोन्ही हात वर करायला लावले, हसून दाखवायला लावलं. "तोंड वाकडं न्हाई, अंगावरनं वारं गेलं न्हाई, देवाची किरपा!" अण्णा पायरी एका दमात चढले, धाप नाही की काही नाही. मी गल्लीभर पेढे वाटले. आता त्या पेढ्यांची मला लाज वाटते.

दोन महिन्यांनी त्यांनी पहिली मोटार भरायला घेतली. मी खिडकीशी उभी होते. "अडतीस, एकोणचाळीस, तीस, एकतीस…" मला वाटलं, गंमत करतायत. मी हसलेसुद्धा.

आठ दिवसांत ती मोटार जळून परत आली. "व्होल्टेजच न्हाई ओ अण्णा, तुमचा काय दोष," शेतकरी म्हणाला. दुसरी मोटार परत आली तेव्हा आणणारा ती दारात ठेवून निघून गेला. अण्णांनी जळालेली तार कापून वेढे मोजले. पुन्हा मोजले. मग दुपारभर तिथंच बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत.

मेंदूचा फोटो काढला. त्यात बारीक पांढरे ठिपके होते. "हे त्या वेळचे की आधीचे, खात्रीनं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळांना असतात, त्रास होत नाही. झडप मात्र उत्तम चाललीय." मला टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. झडप उत्तम चाललीय आणि माझा बाप एकोणचाळीसनंतर तीस म्हणतोय, हे मी कुणाला जाऊन सांगू? येताना अर्ध्या वाटेपर्यंत गाडीत नुसती रडत होते. अण्णा मागच्या सीटवर झोपले होते.

तेव्हापासून मी दुकानात बसते. ते हँडल फिरवतात, मी मोजते. बहुतेक मोटारी आता दुसरीकडं जातात, एखादं जुनं गिऱ्हाईक भिडेखातर येतं.

परवा सकाळी मी बावीसवर होते. हात न थांबवता ते म्हणाले, "हे असं हुईल म्हून डाक्टर बोलला हुता का तुला?"

मोजणी चालू असताना त्यांना बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"तेवीस," मी म्हणाले. "चोवीस."

हँडल थांबलं.

"व्हय. बोलले हुते."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. तार सुटू नये म्हणून त्यांनी तिच्यावर बोट दाबून धरलं.

"मी तरीबी कर म्हनलो असतो," ते म्हणाले. "पर मला इचारायचं हुतंस. डोकं माजं हुतं."

त्यांनी पुन्हा हँडलला हात घातला.

"कितीवर हुतो गं आपन?"

मला आठवेना.