नथूचा पाय

नथूचा पाय कुणाच्या हातात राहत नाही, हे किन्हवलीकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कबड्डीत सात जणांनी घेरावं, कुणी घोटा धरावा, कुणी मांडी, आणि या बाबानं दम न सोडता सगळ्यांना फरफटत नेऊन मधल्या रेषेला हात लावावा! मुरबाडच्या कॉलेजात असेपर्यंत त्यानं दुसरं काही केलंच नाही म्हणा ना. बघणारे तोंडात बोटं घालायचे.

गिरजावहिनीला मात्र त्याचं नवल नव्हतं. सासू गेल्यावर या धाकट्या दिराला तिनंच वाढवलेलं. लहानपणी एकदा भाताच्या लावणीच्या वेळी हा शहाणा नव्या चपला घालून खाचरात उतरला आणि गुडघ्याएवढा रुतून रडायला लागला. चप्पल सोडवत नव्हती.

"चपलेचं मागनं बघू रे," वहिनी बांधावरून म्हणाली. "आधी पाय काढ. टाच वळव, मंग ओढ."

तेव्हापासून तो तसाच पाय काढत आला, चिखलातून काय नि माणसांतून काय.

पुढं एका कंपनीनं त्याला संघात घेतलं, वर्षावर्षाच्या करारावर. पाचसहा वर्षं झोकात गेली. मग मातीच्या जागी मॅट आली, मॅटवर बूट आले आणि घात झाला. उघडा घोटा निसटायचा. बूट धरायला कसा छान हातात बसतो! नथू सापडायला लागला. शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, मुरबाडची फायनल जिंकलीस तर नोकरी कायम, नाहीतर घरी जा.

वहिनीनं जन्मात त्याचा खेळ पाहिला नव्हता. भात आणि म्हशी सोडून जाणार कधी? त्या दिवशी मात्र नवऱ्याला, दामूला, घेऊन ती मुरबाडला गेली. नथू बुटांच्या नाड्यांना गाठीवर गाठी मारत होता.

"एवढं आवळू नको. रुतलास तर पाय कसा काढशील?"

इथं चिखल नाय गो वहिनी, म्हणून नथू हसला. दामूनं तिला गप्प केलं; म्हणे, तुला खेळातलं काय कळतंय.

कळत नव्हतंच. पण नथूला दोनदा धरला, दोन्ही वेळा बुटाला, हे तिला दिसलं. शेवटची चढाई उरली, तेव्हा संघ एका गुणानं मागं होता. नथू रेषेपाशी वाकला. लोकांना वाटलं, नमस्कार करतोय. वहिनीनं पाहिलं, तो उजव्या बुटाची नाडी सोडत होता.

आत शिरला, कोपऱ्यातल्याला शिवला आणि वळतो तोच त्या कोपऱ्यातल्यानं झेप घेऊन बूट धरला. दुसरा कमरेला लटकला. नथू आडवा पडला, तरी कबड्डी कबड्डी चालूच. वहिनी उभीच राहिली. त्यानं टाच वळवली. पाय बाहेर आला, अगदी खाचरातून यावा तसा! कमरेला माणूस घेऊन तो पोटावर सरकला आणि त्याची बोटं रेषेपार गेली. दोघे बाद, दोन गुण. सामना जिंकला!

मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. दामू तर रडतच होता. नथू एका पायात बूट, एक पाय उघडा, असा धापा टाकत आला आणि वहिनीच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्याच्या घामेजल्या केसांवरून हात फिरवला.

"जा," ती म्हणाली. "आता चप्पल घेऊन ये."