लढाईचा जाब कुणाला विचारायचा?

आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की आम्ही बायका संविधान वाचतो. एका बैठकीला एकच कलम. वाचणारीनं ते घरातल्या गोष्टीवर बसवून सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यात खोट काढायची, ही आमची रीत. मी शाळा अर्ध्यात सोडलेली, वाचायला शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून. माझी पाळी असली की मला आदल्या दिवशी जेवणसुद्धा सुचत नाही बघा.

त्या रविवारी राष्ट्रपतींचं कलम होतं. संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य त्यांच्याकडे. सीमेवर तेव्हा तापलेलं होतं. आमच्या गल्लीतली एक सून समोरच बसली होती. जयसिंगपूरची लेक, नवरा फौजेत. रजेवर आलेला, तोवर फोन आला आणि बॅग भरून गेला.

मी झोकात सुरू केलं. घर सासूच्या नावावर असतं, दारावर पाटी तिची. पण ठरवतात घरातले कर्ते, आणि सही करते ती. फार तर एकदा म्हणेल, पुन्हा विचार करा. परत तेच आलं की सही करायचीच. राष्ट्रपतींचं असंच. सगळ्या हसल्या, कारण निम्म्या सासवाच होत्या.

ती फौजीची बायको मात्र हसली नाही. "आज्जी, सासू काय आम्ही निवडत न्हाय. राष्ट्रपती कोण निवडतंय?"

मी सांगितलं, आपण आमदार-खासदार निवडतो, ते राष्ट्रपतींना निवडतात.

"मग लढाईच्या आधी त्या खासदारांना विचारत्यात का न्हाय? माझ्या माणसाला धाडलंय. जाब कुणाला विचारू मी?"

माझी उदाहरणातली सासू तिथंच आडवी झाली! मग काय, वंदनेची फुलं बाजूला सारून आम्ही पुस्तकावर तुटून पडलो. आणीबाणीचं कलम निघालं: युद्धापायी ती लावायची तर मंत्रिमंडळानं लेखी कळवायला हवं, महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी. पण ती आणीबाणीला. युद्ध पुकारण्याआधी संसदेला विचारा, असं वाक्य काही आम्हाला सापडेना. मला तर घाम फुटला, आणि खरं सांगते, आनंदही झाला. इतकी वर्षं वाचतेय, पण काय लिहिलेलं नाही ते शोधायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शेवटी तिनंच एका ओळीवर बोट ठेवलं. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार. "मंजी माझ्या मतापतोर आलंच की," ती म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात खासदार समाजमंदिराच्या उद्घाटनाला आले. फीत कापून झाली आणि ही उठली. आम्ही पदर ओढून बसवायच्या आत तिनं विचारलंसुद्धा, लढाईबद्दल तुम्ही सभागृहात काय विचारलं? ते गोड हसले. ताई, हा देशाच्या सुरक्षेचा विषय आहे, म्हणाले.

"व्हय, आणि माझा नवरा तिथंच उभा हाय."

हसू मावळलं त्यांचं. मग माइक खाली ठेवून ते साधेपणानं बोलले, की अजून काही विचारलेलं नाही, अधिवेशनात विचारतो.

"इचारा," ती म्हणाली, "आम्ही बघतोय."

आता अधिवेशन सुरू झालंय. दुपारच्या मालिका बंद. गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्याच घरी टीव्हीपुढं बसतो, आणि आमचे खासदार नुसते खुर्चीतून हलले तरी एकमेकींना कोपरानं ढोसतो.