तुळईखालचा टेकू

रोहिणी लागल्या की आमच्या वडिलांना माळवदाशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. हसनाबादच्या अलीकडं आमचं गाव, सगळी घरं मातीच्या सपाट छपरांची. मृगाच्या आधी माळवदावरचं गवत उपटायचं, पन्हळ मोकळी करायची, जुनी माती खरवडून खाली टाकायची आणि मग टोपल्यांनी नवी पांढरी माती चढवून चोपायची, अशी रीत. वडिलांनी त्यातलं खरवडणं तेवढं सोडून दिलं होतं. दरसाल जुन्या थरावर नवा थर. गावातली बाकी घरं गळायची, आमचं गळायचं नाही, याचा त्यांना भारी तोरा.

एकदा जालन्याला कापूस घालायला गेले, तेव्हा तिथल्या जिनिंगच्या कारकुनानं त्यांना विमा म्हणजे काय ते सांगितलं. माल जळाला तर कंपनी भरून देते. झालं, तेव्हापासून पारावर एकच टकळी: "आपला विमा म्हंजे आपली माती. हातभर जाड हाये. फाटू दे आभाळ."

आईचा दिवस त्याच छपराखाली जायचा. दळताना, निवडताना तिची नजर वर जायची.

"अव्हो, मधली तुळई वाकून राह्यली. जुनी माती उतरवा."

"सागाची हाये. बिलकुल काही व्हत न्हाई."

शेवटी तिनंच शेतातून बाभळीचं खोड आणवलं, सुताराकडून तासून घेतलं आणि तुळईखाली टेकू उभा केला. वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, पण टेकूला हात लावला नाही.

त्या श्रावणात मला बघायला पाहुणे येणार होते, गिरजा नदीच्या पलीकडचे. आणि नेमकी झड लागली. पाऊस उघडायचं नाव घेईना. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी वडील बैठकीत उभे राहून टेकूकडं बघत होते.

"टेकूवर उभं घर बघून कोण पोरगी नेईल? ते येऊन जाईपर्यंत काढू. मंग बराबर लावू."

"झड थांबू द्या," आई म्हणाली. "ओली माती लय जड असती."

"एका दुपारचा तर सवाल हाये."

त्यांनी हातोड्यानं पाचर उडवली आणि टेकू गोठ्यात नेऊन ठेवला. आईनं जमिनीवरची खूण शेणानं सारवून टाकली. भांडली नाही. माझ्या लग्नाचा प्रश्न होता, म्हणून गप्प बसली असेल. मला त्या गप्प बसण्याचा फार राग आला होता. अजूनही येतो.

दुपार टळली तरी पाहुण्यांचा पत्ता नव्हता. गिरजेला पूर आलाय, असं कोणीतरी सांगून गेलं. "टेकू लावून घ्या," आई म्हणाली. "पाणी उतरलं की येतील," म्हणत वडील वेशीकडं बघायला गेले. मी मागच्या खोलीत नवं लुगडं नेसून बसले होते. आई बैठकीत सतरंजीच्या चुण्या काढत होती.

धप्प असा आवाज झाला. मी धावत आले तर घरात आभाळाचा उजेड. आई कुठंच दिसेना.

माणसांनी फावड्यांनी माती उपसली. तोवर सगळं संपलं होतं. घरात तोपर्यंत पाण्याचा एक थेंबही गळला नव्हता. ढेकळांमध्ये दरसालचा थर वेगळा ओळखू येत होता. वडील त्यातलं एक ढेकूळ हातात घेऊन बसले, ते कोणी काढून घेईपर्यंत सोडलं नाही.

पूर ओसरल्यावर पाहुणे आले, पण दुखवट्याला. पडलेल्या घरापुढं लिंबाखाली बसले. वडिलांनीच टेकूची गोष्ट सांगितली, काही न लपवता. 

"टेकूपायी?" मुलाचे वडील म्हणाले. "अव्हो, आमच्या घरात तीन हायेत."

वर्ष सरल्यावर मला त्याच घरी दिलं. वडील मला भेटायला यायचे, ओट्यावर बसूनच पाणी प्यायचे, भाकरीही तिथंच खायचे. आत चला म्हटलं, की मान हलवायचे. "इथं बरं हाये," म्हणायचे. पावसाची झड अंगावर येत असली तरी.