दगड वितळवणारं चमचाभर पाणी

राजधानीत कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथीगृहात आम्हा महाराष्ट्रातल्या मुलांचे नागरी सेवा परीक्षेच्या सरावाचे इंटरव्ह्यू चालायचे. माझा खरा इंटरव्ह्यू दहा दिवसांवर आलेला, आणि तो शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर गाशा गुंडाळून गावी. विषय मात्र माझा लाडका, भूशास्त्र.

समोरच्या निवृत्त भूवैज्ञानिक सरांनी विचारलं, "समुद्राचा तळ भूकवचाच्या दुसऱ्या प्लेटखाली घुसतो ना, तिथल्या काही ज्वालामुखींच्या खडकांत मॅग्नेशियम एवढं का असतं?"

मी धडाधड म्हणाले, "सर, खाली गेलेली प्लेट वितळते आणि तीच वर येते."

सर हसले. "तुमच्या आधीच्या तिघांनीही हेच सांगितलं. शब्दसुद्धा तेच! अहो, ती प्लेट त्यामानाने थंड असते. आणि वितळलीच, तर त्यातून मॅग्नेशियम कमीच निघेल. मग येतं कुठून?"

आम्ही चौघंही एकाच सीनिअरच्या नोट्सच्या झेरॉक्सवर पोसलेलो. आर. के. पुरमच्या माझ्या खोलीपर्यंत बसमध्ये मी स्वतःवरच चिडत राहिले.

मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे त्या काकू संक्रांतीचे लाडू करत होत्या. मी मदतीला गेले आणि गूळ कोरडाच कढईत टाकला.

"अगं, करपेल ना यार! चमचाभर पाणी घाल, बिल्कुल मंद आचेवर."

पाणी घातलं. आच वाढवली नाही, पण खडे विरघळून पातळ व्हायला लागले.

"काकू, पाणी!" मी किंचाळलेच. "प्लेट समुद्राचं पाणी खाली नेते!"

खोल गेल्यावर ते पाणी तिच्यातून निघून वरच्या तापलेल्या खडकात शिरतं. तो खडक मॅग्नेशियमनं गच्च. एरवी तेवढ्या उष्णतेला दाद देत नाही, पाणी मिळालं की वितळतो. गुळाची गोष्ट तंतोतंत तशी नाही, हे कळत होतं मला. पण नुसता पाठ केलेला विषय त्या दिवशी पहिल्यांदा माझा झाला, आणि मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले. गूळ शेवटी करपलाच.

"अच्छा, आता दुसरा गूळ तूच आण," काकू म्हणाल्या.

खऱ्या इंटरव्ह्यूत कुणी खडकांचं विचारलंच नाही. विचारलं ते असं, की पक्की वाटणारी एखादी गोष्ट चूक निघाली, असं कधी झालंय का? मी कढईपासून सुरुवात केली.

यादीत नाव दिसल्यावर आधी काकूंना मिठी मारली. मग ती झेरॉक्स काढून प्लेट वितळते हे वाक्य लाल पेनाने खोडलं. संध्याकाळी एक ज्युनिअर नोट्स न्यायला येणार होती.